दातातला दोरा

भाकरी गरम होती. पापुद्रा फुगून सुटलेला, मोडली की आतून वाफ. मी पहिला तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. तेवढ्यात वहिनींनी आपल्या ताटातली भाकरी दोन बोटांनी उचलली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. ताटाबाहेर. डाळीतला खडा काढून ठेवावा तशी.

"मले नको वाटते आज भाकरी," त्या म्हणाल्या.

शाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग भाकरीच्या टोपलीकडं. "मलेबी रोटीच बरी," त्या म्हणाल्या. "ओ भाऊ, तंदुरी रोटी सांगा चार."

चार. माझीही त्यांनीच सांगितली.

मी ज्यांच्या पार्लरात काम करायची त्या ताईंना कळायला जरा वेळ लागला. पण कळलं. त्यांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्याला हात लावला. "तू काहून खाऊन राह्यली? ठेव न."

माझ्या तोंडात घास होता. ज्वारीची गोडी जिभेवर उतरली होती. मी कागदी रुमाल उचलला, तोंडाला लावला आणि घास त्यात काढला. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी माझा हात धरला नाही. मीच रुमालाची घडी घातली आणि ताटाखाली सरकवली.

जिनं ती भाकरी थापली होती, ती बाई हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ. थोड्या वेळापूर्वी आत तिनंच मला म्हटलं होतं, "गरम गरम खाजो वो बाई, थंडी करू नको." आम्ही खातो का ते बघायला ती दारात आली असेल.

तिनं पाहिलं.

त्या दिवशी मला वाटलं, अपमान तिचा झाला.

मी आधीच सांगते, ताई वाईट बाई नाहीत. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. वाचणारा म्हणेल, जिनं आसरा दिला तिच्यावरच उलटली. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

मी इथली नाही. घर गडचिरोली जिल्ह्यात, नदीच्या काठी. वाशीमहून निघालं तर तीन गाड्या बदलाव्या लागतात. आठवीपर्यंत शिकले. नववीची शाळा नदीपलीकडं, आणि आई-बाबा दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचे. घरी दोन लहान भावंडं. कोणीतरी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले. शाळेतून दोनदा बोलावणं आलं, मग आलं नाही. पुढं नागपुरात मुलींना पार्लरचं काम शिकवतात असं कळलं. तिथं शिकले. शिकवणाऱ्या बाईंच्या ओळखीनं वाशीमला आले. ताईंचं पार्लर. पार्लरच्या मागं एक खोली, तीच माझी.

ताईंनी मला काय काय दिलं ते मी मोजू शकत नाही. गादी दिली, पंखा दिला, दिवाळीला साडी. मला डेंग्यू झाला तेव्हा तीन दिवस आपल्या घरी ठेवलं. चमच्यानं पेज पाजली. मी नको नको म्हणत होते, त्या म्हणाल्या, "चूप. माय असती तं नाई म्हनली असती का?" मी तापात रडले. धाकटी बहीण बारावीला आहे, तिची शाळा सुटू नये एवढंच माझ्या मनात असायचं, आणि ती सुटत नव्हती ती ताईंमुळं. रोज सकाळी पार्लरचं शटर उचलताना मी मनात त्यांना नमस्कार करायची. खरंच करायची.

माझा हात भुवयांवर चांगला बसला. वाशीमच्या बायका म्हणायच्या, हिच्यासारखी रेषा कोणाला जमत नाही. भुवया करायची रीत सगळ्यांना माहीत आहे. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात, मधे पीळ. मान मागं-पुढं झाली की पीळ सरकतो आणि केस उपटला जातो. काहीजणी दोरा मानेत बांधतात. मला शिकवलं ते दातातलं. दोरा ओला होतो. ओला झाला की नीट चालतो. माझ्या तोंडातला दोरा आणि त्यांचं कपाळ, मधे वीतभर अंतर. तीन वर्षं असंच.

पण दातात दोरा असला की बोलता येत नाही.

मी येऊन आठवडा झाला होता. ताईंच्याच भुवया करत होते. डोळे मिटलेले, चेहरा वर. त्या म्हणाल्या, "तुहं आडनाव इकडं कोनाचंच नाई वो. कोन होय तुमी? आमच्यातलीच असशीन न?"

माझ्या दातात दोरा होता.

मी "हं" केलं. दात न उघडता.

ताईंनी समाधानानं श्वास सोडला. मला वाटलं, झालं. एका "हं"नं माझं घर पक्कं झालं.

ताईंच्या दोन मैत्रिणी. वहिनी म्हणजे रिठदच्या. मोठी शेती, हळद आणि सोयाबीन, चारचाकी गाडी त्याच चालवायच्या. मॅडम वाशीमच्याच, शाळेत शिकवायच्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तिघी मिळून बाहेर जेवायला जायच्या. दर वेळी नवं हॉटेल. आणि नुसतं जेवायचं नाही, मार्क द्यायचे. चव, सर्व्हिस, स्वच्छता. प्रत्येकी दहापैकी. मॅडम मोबाईलवर लिहायच्या आणि बायकांच्या ग्रुपवर टाकायच्या. त्या ग्रुपात गावातल्या इतक्या बायका होत्या की हॉटेलवाले या तिघींची गाडी ओळखायचे. गाडी दिसली की मालक स्वतः फडकं घेऊन टेबल पुसायला यायचा.

पहिल्या दिवाळीनंतर ताई म्हणाल्या, "चाल, तूबी चाल. घरचीच होय न तू."

मी त्याआधी हॉटेलात टेबलावर बसून कधी जेवले नव्हते. बसस्टँडवर चहा, वडा, तेवढंच. मेनू कार्ड हातात आलं तेव्हा मला घाम फुटला. मॅडम हसल्या, पण वाईट नाही हसल्या. "घाबरू नको वो, पेपर नाई होय थे." मी सगळ्यात वरचं नाव वाचून दाखवलं. ते सूप होतं. सूप आलं, मी वाटी तोंडाला लावली. वहिनींनी हळूच चमचा माझ्या हातात दिला आणि दुसरीकडं पाहिलं. त्या चमच्याचेही मी उपकार मानले.

हळूहळू मजा यायला लागली. वहिनींची जीभ तिखट.

"ह्या शेवभाजीत शेव कोनाच्या तेराव्याची होय? मऊ पडली पार."

"सात," मॅडम म्हणायच्या. "अर्धा मार्क कोथिंबिरीचा."

"तू जेवून राह्यली का पेपर तपासून राह्यली वो?" ताई म्हणायच्या.

"पाटोडीचा रस्सा पाय. तर्री वर अन् पाटोडी बुडाले. पाटोडीले पोहता येत नाई बिचारीले."

मी हसायची. मला वाटायचं, मीही यांच्यातलीच. चार मैत्रिणी. घरी फोन करून बहिणीला सांगायची, आज हे खाल्लं, ते खाल्लं. ती म्हणायची, फोटो पाठव. मी ताटाचा फोटो पाठवायची.

मग मला काम मिळालं. स्वच्छतेचे मार्क माझ्याकडं आले. ऑर्डर द्यायच्या आधी मी आत जायचं, स्वयंपाकघर बघायचं, येऊन सांगायचं. वहिनी म्हणायच्या, "आमी गेलो तं मालक सावध होते. तू जाय. तू गोड बोलते."

पहिल्या वेळी मी ओटा बघितला, मोरी बघितली, झाकणं उचलून बघितली. येऊन सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् करनारा कोन हाय?"

"राजस्थानचा महाराज आहे."

"बरं."

दुसऱ्या हॉटेलात तेच. "कोन हाय आत?" मी म्हटलं, दोघं आहेत. "नाव काय? गाव कोनतं?" मला माहीत नव्हतं. "मंग जाऊन इचार न. गोड बोलून इचार."

तिसऱ्या हॉटेलापासून मला कळलं होतं. खोटं बोलणार नाही. मोरी आणि झाकणं निमित्ताला होती. मला आत पाठवत होत्या ते हात बघायला, कोणाचे आहेत ते. आणि मी जात होते. माझे स्वतःचे हात ओढणीत पुसत जात होते आणि नाव-गाव विचारून परत येत होते. मला वाटायचं, जोवर मी दुसऱ्याचं विचारते आहे, तोवर माझं कोणी विचारणार नाही.

आता त्या भाकरीच्या दिवसाचं सांगते. मंगरुळपीर रस्त्यावरचं हॉटेल. बाहेर मोठा फलक, चुलीवरची भाकरी. मी आत गेले. चुलीपुढं एक बाई बसलेली, चाळिशीची असेल. स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की जमिनीवर बसून जेवावं. भिंतीला छोटं कॅलेंडर होतं. त्यावर बुद्धाचा फोटो. तसलंच कॅलेंडर आमच्या घरी दाराच्या मागं असतं.

तीन वर्षांत मी असं कॅलेंडर एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. नाव विचारलं. सुमन. गाव इंझोरी. इथं भावाकडं राहते. "घर कुठं?" "इथंच वो, विहाराच्या मांगं." मुलगी सातवीत. ती थापत होती, बोलत होती, आणि मला आई आठवत होती. आईचा हातही असाच, थापताना बांगड्या मागं सरकवायची सवय. तिनं तव्यावरून एक भाकरी काढून टोपलीत ठेवली. "गरम गरम खाजो वो बाई, थंडी करू नको."

मी बाहेर आले. मला आनंद झाला होता. आनंदात माणूस सावध राहत नाही. वहिनींनी विचारलं, "कोन हाय?" आणि मी घरचं माणूस भेटल्यासारखी बोलून गेले. "सुमनबाई आहेत. इंझोरीच्या. किती छान आहेत. इथंच विहारामागं घर आहे त्यांचं."

बोलले आणि जीभ चावली. पण तोवर टोपली टेबलावर आली होती.

पुढचं वर सांगितलं आहे.

गाडीत मॅडमनी मार्क लिहिले. चव आठ. सर्व्हिस सात. स्वच्छता दोन.

"स्वच्छता तर खूप होती," मी मागच्या सीटवरून म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"तुले नाई समजत थे," वहिनी म्हणाल्या. गाडी वळवता वळवता.

ताई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मीही. त्या दिवशी खोलीवर येऊन मी तोंड धुतलं, परत धुतलं. भाकरीची चव जात नव्हती.

तरी मी पुढच्या महिन्यात गेले. त्याच्या पुढच्याही. हे लिहायला लाज वाटते, पण गेले.

चौथ्या महिन्यात पोहरादेवीच्या रस्त्याला नवं हॉटेल निघालं. यात्रेच्या गर्दीवर नजर ठेवून बांधलेलं, मोठं, समोर झोपाळे. रविवारची दुपार. आम्ही पोचलो, बसलो, मॅडमनी मोबाईल काढला. वहिनींनी मला हनुवटीनं खूण केली. जा.

मी आत गेले. पुढं दोघं जण तंदूरवर. मी त्यांना काही विचारलं नाही. मागच्या बाजूला मोरीपाशी एक बाई कढया घासत होती. पाठ माझ्याकडं. पाठीवरून नाही ओळखलं. आवाजावरून ओळखलं. ताटं उचलणाऱ्याला ती म्हणत होती, "थंडी करू नको रे, गरम गरम घेऊन जाय."

"सुमनबाई?"

ती वळली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"आल्या का तुमी इथंबी."

"तुम्ही भाकरीवर नाही?"

"भाकरीवर कोन ठेवते आता." तिनं कढई पालथी घातली. "तुमी गेल्या अन् दुसऱ्या दिवशी मालक म्हने, बाई, बायाईच्या मोबाईलवर आपलं नाव खराब झालं. म्हने, भांड्याले बस नाई तं जाय. मी गेली. इथं तं पयलेच सांगतलं त्याईनं, मांगंच राह्यजो, गिऱ्हाइकाच्या नजरेले पडू नको."

मी हात ओढणीत पुसले.

"मले वाटलं, कोनी मायेनं इचारून राह्यलं," ती म्हणाली. "गाव कोनतं, घर कुठं. मीबी सांगत गेली. पोरीचं सांगतलं. येडी मी."

"मी पण आपल्यातलीच आहे," मी म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, हे वाक्य तोंडातून निघालं की हलकं वाटेल. नाही वाटलं.

सुमनबाईचा हात थांबला. तिनं मला खालून वर पाहिलं. चप्पल, ड्रेस, कानातले, भुवया.

"आपल्यातली?" ती हसली. "मंग तं लयच झालं. त्याईनं भाकरी बाजूले ठेवली, थे समजते मले. जलमभर पाह्यलं. पन तू तोंडातून काढली वो. मी दारातून पाह्यलं न. खाल्लेला घास काढला तुनं."

"माफ करा मला."

"माफी नको मले. मले भाकरीचं काम पाह्यजे होतं." तिनं परत घासणी उचलली. "जाय आता. त्या वाट पाहून राह्यल्या असतीन. सांगजो त्याईले, कढया स्वच्छ हायेत."

मोरीपासून टेबलापर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. त्या पंधरा-वीस पावलांत मी सगळं बघितलं. पार्लरमागची खोली. पंखा. बहिणीची शाळा. आईचा चेहरा, मी काम सोडून घरी आले तर होईल तो. नुसतं "महाराज आहे, बिहारचा" म्हटलं तरी भागणार होतं. सुमनबाईचं मागचं कामही राहिलं असतं, माझंही पुढचं. दोघी आपापल्या जागी लपून राहिलो असतो.

"किती येळ वो?" वहिनी म्हणाल्या. "भूक लागली. कसं हाय आत?"

"स्वच्छ आहे."

"अन् कोन हाय?"

मी खुर्चीवर बसले नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"कोण आहे ते मी सांगणार नाही," मी म्हणाले. "आजपासून नाही सांगणार."

मॅडम हसल्या. "अवो, मार्क द्या लागते न."

"दहापैकी दहा. मंगरुळपीर रस्त्यावरच्या हॉटेललाही दहाच होते. तुम्ही दोन लिहिले."

"थे येगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

पाणी घेऊन आलेला वेटर टेबलाजवळ थांबला आणि तसाच परत गेला.

"ती भाकरीवाली बाई ज्या समाजाची आहे, त्याच समाजाची मी आहे," मी म्हणाले. "आमच्याही गावात विहार आहे. आमचं घर त्याच्या भिंतीला लागून आहे."

वहिनींचा हात वर गेला. कपाळाकडं. आदल्याच दिवशी मी त्यांच्या भुवया केल्या होत्या. त्यांनी बोटाच्या टोकानं भुवई पुसली. एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

मला कळलं.

"हे आदी काहून नाई सांगतलं मले?" ताई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं तेव्हा दातात दोरा होता."

"दोरा काढता येत होता न."

"हो," मी म्हणाले. "काढता येत होता. भीती वाटली. नाही काढला."

"म्हंजे तीन वर्सं फसवलं तुनं आमाले," वहिनी म्हणाल्या.

"हे पाय," मॅडम म्हणाल्या, शाळेत समजावतात तशा, "मी तं जातपात मानतच नाई. पन प्रश्न इश्वासाचा हाय."

मी माझी पर्स उचलली. रस्त्यावर येऊन काळी-पिवळी जीप पकडली. गाडीत कोंबून बसलेल्या बायकांमध्ये मला जागा झाली. एकीनं आपलं पोरगं माझ्या मांडीवर दिलं, नाव-गाव न विचारता. मी त्याला मानोऱ्यापर्यंत धरून बसले.

सोमवारी पार्लर बंद असतं. सकाळी दहाला ताई मागच्या खोलीवर आल्या. हातात डबा. आत पोहे. त्यांचे डोळे सुजले होते. मी उभी राहिले, त्यांनी मला बसवलं. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी तुले काढून नाई राह्यली. कुठं जाशीन तू?"

माझे डोळे भरून आले. लगेच. इतकी सवय होती मला त्यांचे उपकार मानायची.

"वैनी येनार नाई आता. जाऊ दे. बाकीच्याईले काही माहीत नाई. मी वैनीले अन् मॅडमले सांगतलं, कोनाजवळ बोलू नका. तूबी बोलू नको. होऊन गेलं थे गेलं."

"हो ताई."

"अन् एक कर." त्या थांबल्या. डब्याचं झाकण लावलं, काढलं. "दोरा आतापासून गयात बांधून करत जाय. तोंडात नको धरू. आता समद्या मोठ्या पार्लरात तसंच करतेत. हायजीन असते थे."



मानेत बांधून करणं चांगलंच आहे. मला येतंही. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून तसंच केलं असतं. मागच्या वर्षी सांगितलं असतं तरी. शनिवारी सांगितलं असतं तरी मला काही वाटलं नसतं.

"शनिवारपर्यंत तोंडातला चालत होता ना, ताई?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "लोकाईले काय सांगू मी?"

"लोकांना तर माहीतच नाही म्हणता."

त्या फार हळू म्हणाल्या, "मले माहीत हाय न."

तिथं मला कळलं. वहिनींनी भुवई पुसली, ते मी समजू शकत होते. त्यांचं माझ्यावर काही ऋण नव्हतं. पण या बाईनं मला तापात पेज पाजली होती. तो चमचा मी चाटला होता, आणि तिनं तोच परत वाटीत बुडवला होता. मग ती पेज तिनं कोणाला पाजली? मला? का एका "हं"नं तयार झालेल्या दुसऱ्याच कोणा मुलीला? तीन वर्षं मी ज्या मायेखाली वाकून चालले, ती माझी नव्हतीच. माझ्या नावानं कोणी दुसरीच घेत होती. मी नुसती तिची वाटी धरून उभी होते.

सुमनबाईची भाकरी मी रुमालात काढली, तेव्हा अपमान कोणाचा झाला होता ते त्या खोलीत मला कळलं.

"मी जाते, ताई," मी म्हणाले.

"मी जाय म्हनलं का तुले? एवढं केलं तुह्यासाठी, अन् एवढ्याशा दोऱ्यावरून..."

"एवढ्याशा दोऱ्यावरूनच," मी म्हणाले.

पंखा त्यांचा, गादी त्यांची. माझी एक बॅग झाली. पोह्यांचा डबा मी न उघडता त्यांच्या हातात परत दिला. त्या दारात रडत होत्या. मी रडले नाही, असं म्हणणार नाही. पण थांबले नाही.

निघायच्या आधी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं. ताईंनीच मला त्यात घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं लिहिलं, चुका झाल्या असतील. 'मंगरुळपीर रस्त्यावरच्या हॉटेलात स्वच्छता मी पाहिली होती. दहापैकी दहा. दोन मार्क स्वच्छतेचे नव्हते, भाकरी करणाऱ्या बाईच्या जातीचे होते. तिचं काम त्यामुळं गेलं. नाव-गाव विचारून आणणारी मी होते. मीही त्याच समाजाची आहे. तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या भुवया मी केल्या आहेत.' खाली माझं पूर्ण नाव, गावासकट.

चहा गार व्हायच्या आत मला ग्रुपमधून काढलं. पण तोवर पुष्कळजणींनी वाचलं होतं. किती हात भुवयांकडं गेले असतील कोण जाणे.

सुमनबाईला भाकरीचं काम परत मिळालं नाही. मी तिच्या घरी गेले होते. विहाराच्या मागं. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली, फार बोलली नाही. तिची मुलगी अभ्यास करत होती. निघताना मी परत माफी मागायला लागले, तर सुमनबाई म्हणाली, "पुरे वो. तुही माफी घेऊन मी कुठं थापू?" ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिनं बोलावं असा माझा हट्टही नाही.

मी वाशीम सोडलं नाही. ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईच्या दुकानात अर्धी जागा मिळाली आहे. एक खुर्ची, एक आरसा, बाहेर पुठ्ठ्याचा फलक. त्यावर पार्लरला देतात तसलं गोड नाव नाही. माझं नाव आहे, आडनावासकट. बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भीती नाही वाटत?" वाटते. रोज फलक बाहेर लावताना वाटते. लावते.

मानेत दोरा बांधायला मला अजूनही येतं. जिला हवं तिनं खुर्चीवर बसायच्या आधी म्हणावं, मी बांधीन. पण माझं आडनाव कळल्यावर जिला हायजीन आठवतं, तिच्यासाठी नाही बांधणार.

खुर्चीवर कोणी बसलं की मी आधी बोलते. नाव सांगते, गाव सांगते, घर कुठल्या भिंतीला लागून आहे ते सांगते. कोणी विचारायच्या आत. काहीजणी बसून राहतात. काहीजणी पर्स उचलतात, काम आठवलं म्हणतात. उठणारीनं उठावं, मी अडवत नाही आणि मागून हाक मारत नाही.

बोलून झालं की नवा दोरा तोडते, दातात धरते, आणि काम सुरू करते.